तुडुमाची चावी कोणाजवळ असावी? (आमच्या मामा तलावाबद्दल)

पाणकराची_नात
२४ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. २ ऑक्टोबरला आमच्या गावची ग्रामसभा आहे. यंदा तलावाचा विषय घ्यायचाच, असं आम्ही पंधरा-वीस जणांनी ठरवलंय. पण ठरावात मागायचं काय, यावर गावात तीन तट पडलेत. इथे जाणती माणसं आहेत, म्हणून सगळं सविस्तर मांडते.

गाव भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. धानाचा मुलूख. तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजार जमीनदाराच्या ताब्यातला. बाहेरच्या मित्रांसाठी सांगते, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे ६,५०० हून जास्त तलाव आहेत. बरेचसे कोहळी लोकांनी गोंड राजांच्या आश्रयाने बांधलेले. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन तुकूम म्हणून मिळायची. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तेव्हा तलावही सरकारजमा झाले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आले. आमचा त्यातलाच.

माझे आजोबा पाणकर होते. पाणी कोणाला, कधी, किती, हे बघणारा तो पाणकर. पगार नव्हता. चुरणा (मळणी) झाला की घरटी ठरलेल्या पायल्या धान मिळायचं. जुनं तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार, दगडी होतं, पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) आतल्या अंगाला पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेलं, आणि प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी दट्ट्या. पाणी उतरेल तसा खालचा दट्ट्या काढायचा. आजोबा पाण्यात उभे राहून दट्ट्याभोवतीचं गवत आणि चिखल पायाच्या अंगठ्याने चाचपायचे, मग श्वास कोंडून खाली जायचे. आम्ही पोरं पाळीवर मोजत असायचो. ते वर यायच्या आधीच पाळीच्या पलीकडे पाटात पाणी गडगडायला लागायचं. पाणी आधी टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या बांध्यांना (धानाच्या शेतांना), हेडच्या, म्हणजे तलावाजवळच्या बांध्यांना सगळ्यात शेवटी. या नियमाबद्दल मी लहानपणी कधी भांडण ऐकलं नाही, कारण आजोबांची स्वतःची बांधी हेडलाच होती आणि ती सगळ्यात शेवटी भिजायची.

आता दगडी तुडूम बुजलंय. त्याच्या जागी चाकाचं लोखंडी गेट आहे, गेटला कुलूप आहे आणि चावी तालुक्याला असते. यंदा ऑगस्टच्या शेवटी पावसाने पंधरवड्याची दडी मारली. आम्ही अर्ज दिला, फोन केले. तिसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. चौथ्या रात्री हेडच्या चार-पाच जणांनी कुलूप तोडलं. गेट पूर्ण उघडलं आणि ते पुन्हा खाली येईना. दोन रात्री पाणी वाहिलं. हेडच्या बांध्या फुटेस्तोवर भरल्या, टेलला पाणी पोचलंच नाही. ढिवरांनी, म्हणजे मच्छीमारांनी, जुलैत सोडलेली बोटुकली (माशांची पिल्लं) पाटात वाहून आली. सकाळी ढिवर टोलीच्या बाया पाटाच्या चिखलातून ओंजळीने मेलेली पिल्लं वेचत होत्या. एका टोपलीत चांदीच्या चिंध्या भराव्यात तशी दिसत होती ती. कुलूप तोडणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण प्रश्न माझ्या घरातून सुरू होतो.

गावात एक तट म्हणतो पाणी वापर संस्था करा. दुसरा म्हणतो तलाव ग्रामपंचायतीच्या ताब्यात घ्या. तिसरा म्हणतो आहे तसं राहू द्या, फक्त चावी गावात ठेवा. तुमचा अनुभव काय?

---

वैनगंगाकाठ
२४ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, वाचून गलबलून आलं. मी पवनी तालुक्यातला. आमच्याकडे गोसीखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ ला बसली, तेव्हा मी शाळेत होतो. मोठ्या धरणाचा कालवा येणार म्हणून गावाने दोन बोड्या (लहान तळी) बुजू दिल्या. एकीवर आता घरं आहेत, दुसरीत बेशरमाचं झुडूप माजलंय. कालव्याची वाट बघायची असेल तर बघा, पण हातचा तलाव तोवर मरू देऊ नका.

---

निवृत्त_शाखा_अभियंता
२५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

नमस्कार. मी याच खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. माझ्याकडे एका वेळी चाळीसच्या वर तलाव होते आणि मदतीला दोन माणसं. पावसाने दडी मारली की सगळ्या गावांचे फोन एकाच दिवशी येतात. कुलूप लावलं ते चोरून पाणी सोडू नये म्हणून, पण कुलूप लावणारा गावात राहत नसेल तर त्या कुलपाचा उपयोग फक्त तोडण्यापुरता उरतो. हे मी नोकरीत असतानाच लेखी दिलं होतं.

आता कामाचं. २००५ च्या 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' या कायद्यात पाणी वापर संस्थेला घनमापन पद्धतीने पाणी मोजून मिळतं आणि वाटप संस्था करते. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल, तिघांना सारख्या जागा असतात. हे चांगलं आहे. पण सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. ज्याची जमीन नाही, त्याला तिथे मत नाही. तुमच्या ढिवर टोलीचं काय, हे त्या चौकटीत बसत नाही. ग्रामसभेचा ठराव करताना ही फट आधीच भरा.

दुसरं, भूमी अभिलेख आणि तहसीलमधून दोन जुने कागद काढा. एक वाजिब-उल-अर्ज, दुसरं निस्तार पत्रक. मालगुजारीच्या काळात कोणाला कसला हक्क होता, जनावरांना पाणी, मासे, माती, पाळीवरचं गवत, ते त्यात नोंदलेलं असतं. कागद फारसीमिश्रित हिंदीत निघाला तर घाबरू नका, वाचून देणारी जुनी माणसं अजून आहेत.

---

भीमपहाट
२५ सप्टेंबर, सकाळी ११:२०

पाणकराची_नात, तुमची तळमळ खरी आहे, म्हणून थोडं कडू लिहिते. राग मानू नका.

'पूर्वी गाव तलाव सांभाळायचं' हे वाक्य मी खूप ऐकलंय. कोणतं गाव? माझी आजी याच पट्ट्यातली. तलावावर तिच्या वस्तीचा घाट वेगळा होता, सलांगीच्या (सांडव्याच्या) खाली, जिथे वरून वाहून आलेलं पाणी मिळायचं. पाळ फुटली की माती टाकायला तिच्या वस्तीतले पुरुष पहिले बोलावले जायचे. पाणी भरायला मात्र त्यांनी वरच्या घाटावर यायचं नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ मध्येच झाला होता. तरी २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. ठराव कागदावर होता, तळं गावाच्या ताब्यात होतं.

म्हणून चावी गावात आली पाहिजे याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण गावातल्या कोणाच्या घराच्या खुंटीला ती टांगली जाणार, हे आधी लिहून घ्या. समितीत प्रत्येक टोलीचा माणूस हवा, आणि त्यात बाई हवी. भूमिहीनांचाही तलावाशी संबंध आहे. शेळ्या-म्हशींना पाणी लागतं, धुणं आहे, उन्हाळ्यात तलावाच्या उघड्या पोटातल्या गाळावरची पेरणी, म्हणजे गाळपेर आहे. गाळपेरीची जागा कोणाला द्यायची हे आमच्याकडे आजही चार घरं ठरवतात.

---

पाणकराची_नात
२५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

@भीमपहाट, राग कसला. हे मी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही. आत्ताच आईला विचारलं. ती म्हणाली, "होता ना वेगळा घाट. तुझे आजोबा पानी सोडत, पन घाट कोनाचा हे ते ठरवत नव्हते, ते मालगुजाराचा वाडा ठरवे." आजोबांच्या न्यायीपणाचा मला अभिमान आहे आणि तो राहील. पण तो न्याय बांधीपुरता होता, हेही आता टाळता येत नाही. तुमचा मुद्दा ठरावात जाईल.

---

ढिवरटोली
२५ सप्टेंबर, रात्री ८:५०

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आमची मच्छीमार संस्था आहे, वडील बरीच वर्षं तिचे सचिव होते.

ताई, पाटात वाहून आलेल्या बोटुकलीचं तुम्ही लिहिलं. त्यामागचं गणित सांगतो. संस्था तलाव ठेक्याने घेते. ठेक्याची रक्कम भरावी लागते, बीज विकत आणावं लागतं. तलावात पाणी किती ठेवायचं हे मात्र आमच्या हातात नाही. धानाला पाणी सोडलं की तलाव कधी कधी तळाला जातो. शेतकऱ्याचं पीक बुडालं तर पंचनामा होतो. मासा मेला तर पंचनामा करायला कोणी येत नाही. माझी माय म्हणते, "पानी सगळ्यायचं हाय म्हनते, पन मासा मेला का मंग तो आमचाच असते."

आम्ही शेतकऱ्याचं पाणी मागत नाही. धान निसवायला आलं की पाणी द्यावंच लागतं, आम्हीही दिवसा त्याच धानात रोवणीला जातो. आमचं मागणं एकच, तलावात एक खूण ठेवा. त्या खुणेखाली पाणी उतरलं की तुडूम बंद. तेवढ्या पाण्यात मरळ, शिंगी, देशी मांगूर जगतात आणि पुढच्या पावसात आपोआप वाढतात. त्यांचं बीज विकत आणावं लागत नाही.

अजून एक गोष्ट, जी शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. गाळ काढायला जेसीबी आला की लोक खूश होतात. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत बरेच तलाव खोदले गेले. गाळ शेतात गेला तर सोनं आहे, त्याला ना नाही. पण खोदणारा कंत्राटदार असेल तर तो जिथे मशीन सोपं चालतं तिथे खड्डा करतो आणि मुरूम लागेपर्यंत जातो. तलावाचा काठ उतरता असतो, त्या उथळ पाण्यात देवधान उगवतं, पाणगवत असतं, तिथे मासे अंडी घालतात, पाखरं येतात. काठ उभा कापला की ते सगळं संपलं. मग रोहू-कटल्याचं बीज टाकून वाढवायचं, बाकी तलाव मुका.

आमच्या तालुक्यात ढिवर बायांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत उलटं काम केलं. आधी बेशरम मुळासकट उपटलं. उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पोटात नांगर घातला, आणि पाऊस आल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे त्या बायांना पाठ आहे. मासे परत आले. हे मी ऐकलेलं सांगत नाही, माझी आत्या त्या चिखलात उभी होती.

---

संत्रापट्टा
२६ सप्टेंबर, सकाळी ८:१०

वरुडहून लिहितो. आमचा विदर्भ वेगळा, तलाव नाहीत, सगळं जमिनीच्या पोटातलं पाणी. पण दुखणं तुमच्यासारखंच.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातून तीन तालुके होते, कोरेगाव, अंबाजोगाई आणि आमचा वरुड. मी पंचेचाळीस दिवस रोज पहाटे कुदळ घेऊन गेलो आहे. सासरी गेलेल्या मुली माहेरी येऊन माती उचलत होत्या. तसं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पाऊस आला, चर भरले, विहिरींना पाणी चढलं. आणि दोन वर्षांत माझ्या शिवारात नवे बोअर पडले, कारण पाणी वाढलंय हे सगळ्यांना दिसलं. अडवताना पाणी गावाचं होतं, उपसताना ज्याची मोटर त्याचं झालं. आम्ही पाणी मुरवायचे नियम केले, उपसायचा एकही नियम केला नाही. मीही बोअर घेतला, बाग वाळताना बघवत नव्हती.

तुमच्याकडे तलाव डोळ्यांना दिसतो, किती उरलं ते सगळ्यांना कळतं. हे फार मोठं भाग्य आहे ताई. नियम करायचा तर पाणी भरपूर असताना करा. टंचाईत कोणी कोणाचं ऐकत नाही.

---

सासवडकर
२६ सप्टेंबर, दुपारी १:००

आमच्या पुरंदरमध्ये ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही हक्क, ऊस लावायचा नाही. भीमपहाट यांच्या प्रश्नाचं एक उत्तर त्यात आहे असं वाटतं.

---

वैनगंगाकाठ
२६ सप्टेंबर, दुपारी १:४५

@सासवडकर, तत्त्व मान्य, पण धानाच्या बांध्या एकाखाली एक असतात. वरच्या बांधीतून पाणी खालच्या बांधीत उतरतं. एकाला देऊन दुसऱ्याला रोखणं तसं जमत नाही. भूमिहीनाचा हक्क आमच्याकडे मासे, गाळपेर आणि शिंगाडा यांतून द्यावा लागेल.

---

गडचिरोली_ग्रामसभा
२६ सप्टेंबर, रात्री ९:३०

धानोरा तालुक्यातून. आमच्या शेजारच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या काही गावांत. सगळे बांबूचं बोलतात, पण वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ (१) मध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्कही लिहिलेला आहे. कलम ५ मध्ये पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. तुमचा तलाव किंवा त्याचं पाणलोट वनजमिनीत येत असेल तर हा रस्ता नक्की बघा. ढिवर आदिवासी यादीत नसले तरी 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करता येतो. अट कडक आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वास्तव्य दाखवावं लागतं. अभियंता साहेबांनी सांगितलेलं निस्तार पत्रक इथे उपयोगी पडतं.

आम्ही अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याचाही आधार आहे, लहान जलाशयांचं नियोजन त्यात पंचायतीकडे दिलंय. तुमच्याकडे पेसा नाही.

पण कायद्यापेक्षा पद्धत महत्त्वाची. मेंढ्याला मतदान घेत नाहीत, सर्वसहमती होईस्तोवर बसतात. त्याआधी अभ्यास गट असतो, जिथे फक्त समजून घ्यायचं, ठरवायचं काही नाही. तुम्ही २ तारखेला थेट ठराव टाकला तर हेडवाले हात वर करून जिंकतील. आधी एक बैठक अशी घ्या, जिथे कोणीच हात वर करणार नाही.

---

शेतकरी_लाखांदूर
२७ सप्टेंबर, सकाळी ६:४०

सगळं बरोबर, पण एक विचारतो. उद्या पाळ फुटली तर? आमच्याकडे सलांग वाहून गेली, दुरुस्तीचा अंदाज लाखांत होता. तलाव गावाच्या ताब्यात घेतला तर जिल्हा परिषद म्हणेल तुमचा तलाव, तुम्ही बघा. ७३ व्या घटनादुरुस्तीने लघुसिंचन आणि मत्स्यव्यवसाय पंचायतीच्या यादीत घातले, पण विषय आले आणि त्यांच्यामागे पैसा आला नाही. जबाबदारी घेताना निधी लिहून घ्या.

---

निवृत्त_शाखा_अभियंता
२७ सप्टेंबर, सकाळी ९:१५

अगदी खरं. मालकी मागू नका, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी सरकारवर राहील. चालवण्याचा अधिकार मागा. गेट कधी उघडायचं, किती, कोणत्या पातळीपर्यंत, कोणाच्या उपस्थितीत. पाळीची, सलांगीची आणि गेटची मोठी दुरुस्ती जिल्हा परिषदेची, पाटाची सफाई आणि काठाची राखण गावाची. या दोन ओळी स्वतंत्र लिहा.

---

पाणकराची_नात
३ ऑक्टोबर, रात्री १०:२०

मंडळी, काय झालं ते सांगते.

गडचिरोलीच्या दादांचं ऐकून आम्ही ३० तारखेला पाळीवरच बैठक घेतली. चाळीसेक माणसं आली. हेडवाले आधी आले नाहीत, मग दुरून उभे राहिले, मग बसले. ढिवर टोलीतले एक आजोबा बोलले. त्यांचं म्हणणं, तलावात जुन्या तुडुमाच्या डावीकडे एक उभा दगड आहे. त्याचं डोकं दिसलं की पाणकर तुडूम बंद करायचा. मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोंग्यातून गेलो. त्यांनी बांबू खाली सोडला, दोनदा नुसता चिखल लागला, तिसऱ्यांदा टक्क आवाज आला. दगड आहे. पण भोवती इतका गाळ साचलाय की डोकं दिसेपर्यंत पाणी उतरलं तर आता खाली गुडघाभरही उरणार नाही. म्हणजे जुनी खूण तशीच्या तशी वापरता येत नाही, नवी काढावी लागेल.

१ तारखेच्या महिला ग्रामसभेत घाटाचा आणि गाळपेरीचा विषय निघाला. भीमपहाट ताई, तुमच्या आजीची गोष्ट मी नाव न घेता सांगितली. बौद्ध वस्तीतली एक काकू म्हणाली, "आमाले घाट नको आता, नळ आहेत. गाळपेर पाहिजे." तेवढंच बोलली आणि बसली.

काल ग्रामसभेत हे मंजूर झालं: तलावाची मालकी जिल्हा परिषदेचीच, पण गेट चालवायला अकरा जणांची समिती, तिच्यात हेड, मध्य आणि टेलचे दोन-दोन, ढिवर टोलीचे दोन, भूमिहीनांचे तीन, आणि अकरापैकी किमान पाच बाया. कुलपं दोन. एक चावी टेलच्या शेतकऱ्याकडे, दुसरी मच्छीमार संस्थेकडे, दोघं आल्याशिवाय गेट फिरणार नाही. पाणी टेलपासून सुरू करायचं. गाळपेरीच्या जागा चिठ्ठ्या टाकून, आधी भूमिहीनांना. गाळ काढायचा तर काठापासून किती आत, हे समिती खुंट्या ठोकून दाखवेल, त्यानंतरच मशीन उतरेल.

खालच्या पातळीवर एकमत झालं नाही. हेडवाले एक हात कमी म्हणतात, ढिवर एक हात जास्त. तो मुद्दा ठरावात रिकामा ठेवलाय. जिल्हा परिषद हे सगळं मान्य करते का, तेही अजून बघायचंय.

भावाने बोटुकलीचे पैसे भरायचं कबूल केलं. सभेत नाही, घरी आल्यावर. मग तो स्वतः टोलीत जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

@निवृत्त_शाखा_अभियंता, काका, एक विनंती आहे. नवी खूण डोळ्यांच्या अंदाजाने काढली तर भांडण कायम राहील. तुम्ही लेव्हल मशीन घेऊन एक दिवस येऊ शकाल का? गाळाची जाडी चार-पाच ठिकाणी मोजायची आहे आणि कोणत्या पातळीला किती पाणी उरतं याचा तक्ता करायचा आहे. डोंगा आहे, बांबू धरायला माणसं आहेत. जेवण आमच्याकडे.

---

निवृत्त_शाखा_अभियंता
४ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

रविवारी येतो. मशीन माझ्याकडे नाही, साकोलीतल्या एका मित्राकडून आणतो. दोन लांब बांबूंवर दर पाच सेंटिमीटरला रंगाच्या रेघा मारून ठेवा. आणि ते ढिवर आजोबा डोंग्यात हवेत, दगड त्यांनाच सापडतो.

---

ढिवरटोली
४ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

मी पण येतो. आत्याला घेऊन येतो. काठावर कुठे खुंट्या ठोकायच्या ते ती दाखवेल.